कॉट मिळाली, बसायचं कुठं?

मुलींच्या वसतिगृहांबद्दल आपल्या चळवळीत आजवर जे बोललं-लिहिलं गेलं, ते बहुतेक सगळं दाराबद्दल आहे. दार किती वाजता बंद होतं, किल्ली कुणाकडे असते, दहा मिनिटं उशीर झाला तर घरी फोन कोण करतं. 2015 साली दिल्लीतल्या मुलींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत याच दारावर धडक मारली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2016 साली राजपत्रात आलेल्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या विनियमांत तर स्वच्छ लिहिलं आहे की, सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहातल्या मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. ही लढाई संपलेली नाही आणि मी तिच्याविरुद्ध एक अक्षरही लिहिणार नाही. पण दाराच्या आत गेल्यावर काय दिसतं, हेही एकदा बघू या.

गेली दहा-अकरा वर्षं मी मुलींच्या वसतिगृहांत आरोग्य आणि हक्क या विषयांवर सत्रं घेते. सरकारी, संस्थेची, समाजाच्या ट्रस्टची, महाविद्यालयाची अशी सगळ्या तऱ्हेची वसतिगृहं पाहिली. रंग वेगळे, फोटो वेगळे, खोली एकच. दहा बाय बारा फूट. तीन मुली. आता हिशेब करा. सहा बाय अडीच फुटांच्या तीन कॉट म्हणजे 45 चौरस फूट. तीन कपाटं, प्रत्येकी दोन बाय दीड, म्हणजे नऊ. एक टेबल असलंच तर सहा. दार उघडायला मोकळं ठेवावं लागतं तेही सहा-सात. एकशेवीसातले साठाच्या वर फूट इथंच गेले. उरलेल्या जागेत चपला, बादल्या, बॅगा, दोरीवरचे ओले कपडे आणि तीन माणसं. या खोलीत झोपायची सोय आहे. कपडे ठेवायची सोय आहे. बसायची सोय नाही.

वॉर्डनबाईंना विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘कॉटवर बसतात की!’ बसतात. पलंगावर मांडी घालतात, मांडीवर उशी, उशीवर वही, पाठ भिंतीला नाहीतर कशालाच नाही. कॉट मधून खोलगट झालेली असते, म्हणजे कंबर खाली आणि गुडघे वर. इंजिनिअरिंगच्या मुली अशा अवस्थेत ड्रॉइंग काढतात. डी. एड.च्या मुली तक्ते करतात. नर्सिंगच्या मुली बारा तासांची ड्यूटी करून येतात आणि त्याच कॉटवर जर्नल लिहितात. एकीला झोप लागली असेल तर दुसरी तिच्या पायाशी अंग चोरून बसते. मैत्रीण आली तर तिला बसायला सांगायचं कुठं? तर त्याच चादरीवर. आई गावाहून भेटायला आली तर तिला खोलीत येऊ देत नाहीत हा एक भाग, आणि येऊ दिलंच तर ती सवयीनं उंबऱ्यापाशी टेकते, हा दुसरा.

आरोग्याच्या सत्रात पाठीचं दुखणं हा विषय मी मुद्दाम काढत नाही, तो आपणहून निघतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली कंबर धरून उठतात. त्यांना सांगितलं जातं की पाळीमुळे दुखतं, रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा. रक्त कमी असतंच, मी नाकारत नाही. पण दिवसाचे पाच-सहा तास खोलगट कॉटवर वाकून काढले तर लोहाच्या गोळ्यांनी पाठ सरळ होणार नाही.

हे मी एका कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ ताई हसून म्हणाल्या, ‘अगं, बलात्कार, हुंडा, दुष्काळ एवढं सगळं पडलंय आणि तू स्टुलाबद्दल बोलतेस?’ ताईंबद्दल मला आदर आहे. पण त्या स्वतः तेव्हा खुर्चीवर बसल्या होत्या, हे नोंदवून ठेवते. बसणं ही बाब किरकोळ असती, तर कोण कुठं बसेल याचे इतके नियम आपल्या समाजानं केले नसते.

आठवून पाहा. ओसरीवरची बैठक, पारावरची जागा, देवळाच्या कट्ट्यावरची जागा कुणाची? बाई बसणार माजघरात, चुलीपुढे, जात्यापाशी, म्हणजे जिथं काम आहे तिथं. काम नसताना बसलेली बाई डोळ्यांत खुपते. ‘बसून काय राहिलीस?’ हे वाक्य आपण प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. सासरा समोर असला तर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही, हा नियम अजूनही कितीतरी घरांत न बोलता पाळला जातो. पंचायत राज्याची 73वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली, महाराष्ट्रानं 2011 साली बायकांचं आरक्षण 50 टक्क्यांवर नेलं. तरी सरपंच बाईच्या खुर्चीवर नवरा किंवा दीर बसतो आणि ती बाजूच्या बाकावर, दलित किंवा आदिवासी असेल तर खाली सतरंजीवर, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथं आपण खुर्चीसाठी भांडतोच ना? आणि एक सांगते, घराघरांत मुलीला स्वतःची अशी वेगळी बसायची जागा आजही कधी मिळते, तर महिन्यातले ते चार दिवस. एक वेगळं बसकुर, एका कोपऱ्यात. ‘इथंच बस, शिवू नको’ म्हणून मिळालेली जागा. तेवढीच काय ती तिच्या नावावर.

केरळातल्या बायकांनी हा विषय किरकोळ मानला नाही. तिथल्या कापडाच्या मोठमोठ्या दुकानांत विक्रीचं काम करणाऱ्या बायकांना दिवसाचे दहा-बारा तास उभं राहावं लागे. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. कोळिकोडच्या ‘पेण्कूट्ट’ या बायकांच्या संघटनेनं पी. विजी यांच्या पुढाकारानं हा प्रश्न रस्त्यावर आणला. मागणी काय होती? बसू द्या. शेवटी 2018 साली केरळनं दुकानं आणि व्यापारी आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. 2021 साली तामिळनाडूनं तशीच दुरुस्ती केली. आता ज्या ताईंना स्टुलाचं हसू येतं त्यांनी सांगावं की हा विजय लहान होता का.

दुकानातली बाई आणि वसतिगृहातली मुलगी यांत फरक आहे, हे मला कळतं. एकीला उभं ठेवलं जातं, दुसरीला आडवं. दोघींनाही ज्या अवस्थेत माणूस विचार करतो, लिहितो, समोरच्याशी बरोबरीनं बोलतो, ती अवस्था मिळत नाही.

वसतिगृहाची अशी रचना कशातून आली, हेही समजून घ्यावं लागेल. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदासदन काढलं, धोंडो केशव कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला. त्या काळी घराबाहेर पडलेल्या विधवेला सुरक्षित छप्पर मिळणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. त्या पहिल्या घरांचं ऋण मोठं आहे. पण ‘मुलीला आसरा द्यायचा’ ही भाषा तिथून पुढे शंभर-सव्वाशे वर्षं आपल्या संस्थाचालकांच्या तोंडात राहिली. आसऱ्याला आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा दिली की काम झालं. ती आता आसऱ्याला येत नाही, शिकायला येते, फी भरून येते, हा बदल खोलीत कुठंच दिसत नाही. अजूनही वसतिगृहाची क्षमता ‘खाटां’मध्ये मोजतात. इस्पितळाची मोजतात तशी.

पुण्यातल्या पेठांत तर ही गोष्ट नागडीच दिसते. स्पर्धा परीक्षेसाठी बीड, लातूर, नांदेड, यवतमाळहून आलेल्या मुलींना खोली भाड्यानं मिळत नाही, ‘कॉट बेसिस’वर मिळते. शब्दच बोलका आहे. भाडं कॉटचं. एका खोलीत चार-पाच कॉट, मधून चालायला एक वाट. अभ्यास? त्यासाठी अभ्यासिका. तिथं महिन्याला हजाराच्या पुढे-मागे मोजायचे, की एक खुर्ची, एक फळी आणि एक दिवा मिळतो. म्हणजे आडवं व्हायची जागा एका मालकाकडून घ्यायची आणि बसायची जागा दुसऱ्या मालकाकडून. मुलगाही असेच पैसे मोजतो, खरं आहे. पण चोवीस तास उघड्या अभ्यासिकेत तो रात्री दोनला बसलेला असतो, आणि तिच्या घरमालकीणबाईंनी दार दहाला लावलेलं असतं. पैसे पूर्ण महिन्याचे, खुर्ची अर्ध्या दिवसाची. दाराचा प्रश्न आणि खुर्चीचा प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत. खोलीत बसायची जागा असती तर बंद दाराआडही तिचा अभ्यास झाला असता. दार उघडं असतं तर खोलीत जागा नसली तरी ती अभ्यासिकेत गेली असती. दोन्हीकडून कोंडी फक्त मुलीची.

आता बाजाराकडे येऊ. बाजाराला लहान खोलीचा प्रश्न आपल्याआधी कळला आहे. ‘जागा वाचवणारं फर्निचर’ म्हणून काय काय विकायला येतं! सोफ्याचा पलंग, पलंगाचं टेबल, ओढली की उघडणारी आणि ढकलली की मिटणारी पेटी. जाहिरातीतल्या मुलीच्या ‘लहान’ खोलीत आपल्या तीन खोल्या मावतील. किमती पाहिल्या तर आपल्या मुलीच्या वर्षभराच्या मेसच्या बिलाशी स्पर्धा करणाऱ्या. मग स्वस्तातली हौस म्हणून थर्मोकोलच्या दाण्यांची ती बीन बॅग येते. हॉस्टेलमध्ये तिचं भारी आकर्षण. माझं स्पष्ट मत आहे की अभ्यासासाठी तिच्याइतकी वाईट वस्तू नाही. ती कॉटपेक्षाही खोल बसते, पाठीला आधार देत नाही, दाणे वर्षभरात बसतात आणि फाटली की खोलीभर पांढरा पाऊस. मिटवता येत नाही, एकावर एक रचता येत नाही, तीन बाय तीन फूट जागा कायमची अडवून ठेवते. गप्पा मारायला, गाणी ऐकायला घेणार असाल तर घ्या. मजा करायलाही बसायला जागा हवीच. पण पहिली खरेदी ती नको.

मग कमी पैशांत, कमी जागेत काय करता येईल? आपल्या मासिकात शिलाई मशीनच्या कर्जापासून धूर न होणाऱ्या चुलीपर्यंत सगळं तपशिलात छापलं गेलं आहे, तर हेही छापू या. मुलींनी मला शिकवलं आणि मी चार ठिकाणी सांगितलं, असंच यातलं बहुतेक आहे.

सगळ्यात आधी उंची. बाजारातली साधारण खुर्ची सतरा-अठरा इंच उंच असते. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या मुलीचे पाय तिच्यावरून नीट जमिनीला टेकत नाहीत, मांडीच्या मागच्या बाजूला काठ रुततो, पायाला मुंग्या येतात. ती पुढे सरकते, पाठीचा आधार सुटतो. खुर्च्या कुणाच्या मापानं होतात हे यावरून कळतं. पंधरा-सोळा इंच उंचीची बैठक मिळाली तर उत्तम. न मिळाली तर पायाखाली वीट किंवा जुना पाट ठेवायचा. फुकटचा उपाय आहे, आणि फरक त्याच दिवशी जाणवतो.

लोखंडी नळीची घडीची खुर्ची ही माझ्या मते तीन मुलींच्या खोलीतली पहिली वस्तू. घडी केली की चार-पाच इंच जाडी उरते, दारामागे किंवा कपाटाच्या फटीत उभी राहते. नवी घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या गावी मंडप डेकोरेटरकडे लग्नसराई संपल्यावर जुन्या खुर्च्या काढायच्या असतात, घासाघीस करून घ्या. घेताना बसून, डावी-उजवीकडे कलून बघा. पायांची रबरी बुचं शाबूत आहेत का बघा, नाहीतर फरशीवर कर्रकन वाजते आणि खालच्या खोलीची तक्रार ठरलेली. घडीच्या सांध्यात बोट चिमटतं, तेवढं सांभाळा.

प्लॅस्टिकची स्टुलं त्याहून स्वस्त. तीन मुलींची तीन, एकात एक घातली की फूटभर जागेत मावतात. पाठीला टेकू नाही, म्हणून भिंतीशी ठेवून बसायचं. खालून आडव्या पट्ट्या असलेलं जाड स्टूल घ्या, आणि कपाटावरची बॅग काढायला त्याच्यावर उभं राहू नका. ज्या गावात बुरूड समाजाचे कारागीर अजून काम करतात, तिथं बांबू-वेताचं बसकं स्टूल सांगून करून घ्या. हलकं, हव्या त्या उंचीचं, आणि पैसे हातानं काम करणाऱ्या घरात जातात. कोकणात, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, भुंगा लागतो, म्हणून ऊन दाखवत राहायचं.

पत्र्याची पेटी तर बहुतेकींकडे असतेच. गावाकडून येताना आई तीच देते. तेरा-चौदा इंच उंचीची पेटी म्हणजे आयती बैठक. नुसत्या झाकणावर बसलं तर पत्रा दबतो आणि कडी लागत नाही. झाकणाच्या मापाची प्लायवुडची फळी सुताराकडून कापून आणायची, वर घडी केलेली गोधडी. सामानही आत, बसायलाही जागा, कुलूपही तिचंच. इतकी शहाणी वस्तू कुठल्या जाहिरातीत पाहिली नाही. एका वसतिगृहात मात्र ‘पेट्या कॉटखालीच ठेवाव्यात’ असा नियम होता. का, तर तपासणीला आलेल्या पाहुण्यांना खोली नीटनेटकी दिसावी म्हणून!

आणि जमीन. खाली बसण्यात कमीपणा नाही, आपण मांडी घालून जेवणारी माणसं आहोत. जमिनीवरचा अभ्यास नीट करायचा तर दोन गोष्टी लागतात. एक, बुडाखाली तीन-चार इंच उंची, म्हणजे घट्ट घडी केलेली वाकळ किंवा पाटावर जुनी चादर. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहिली की पाठ आपोआप सरळ होते. दोन, समोर दुकानातल्या मुनिमजींचं असायचं तसं दहा-बारा इंच उंच बैठं मेज. फळी आणि चार पाय, कुठलाही सुतार करून देतो. रात्री कॉटखाली सरकतं. फरशी थंड असते, तिथं सोलापुरी सतरंजीखाली जुनी चटई हवी. पण हा उपाय सगळ्यांना लागू नाही. पायात पोलिओचं अधूपण असलेली, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली किंवा सात महिन्यांची गरोदर असूनही परीक्षा देणारी मुलगी खाली बसू शकत नाही. तिला खुर्चीच लागते आणि ती देणं ही कुणाची कृपा नाही. 2016 चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा हेच सांगतो.

दुमजली कॉटबद्दलही विचारलं जातं. एका खोलीत दोन कॉट एकमेकींवर चढवल्या की पंधरा चौरस फूट मोकळे होतात, हे खरं. पण बसलेल्या मुलीची डोक्यापर्यंतची उंची अडीच-पावणेतीन फूट असते. दोन मजल्यांत, गादी धरून, तीन फुटांच्या वर अंतर नसेल तर खालची मुलगी वर्षभर मान वाकवून बसणार. आणि मोकळी झालेली जागा बसण्यासाठीच वापरली जाईल असं लेखी घ्या. नाहीतर संस्थेला तिथं चौथी कॉट दिसते. मी हे होताना पाहिलं आहे. जागा वाचवली मुलींनी, प्रवेश वाढले संस्थेचे.

इथंच माझं खरं भांडण आहे. ‘जागा वाचवा’ हे आपण बायकांना सांगायचंच काय? बसमध्ये अंग चोरून, घरात कोपरा धरून, जेवताना उरलेल्या जागेत आणि उरलेल्या अन्नावर, आपण जन्मभर जागाच वाचवत आलो. वरचे सगळे उपाय मी लिहिले ते आजची परीक्षा आणि आजची पाठ वाचावी म्हणून. ती संस्थेची जबाबदारी आहे हे त्यामुळे बदलत नाही. मुलीनं स्वतःच्या पैशांनी स्टूल घेतलं की संस्था म्हणते, बघा, मुलींची तक्रारच नाही. म्हणून स्टूल घ्या आणि अर्जही द्या. एक केलं म्हणून दुसरं सोडू नका.

अर्ज दिला की ऐकू येईल: ‘जागा नाही, पैसे नाहीत.’ जागा नाही, तर तळमजल्यावर भेटीच्या खोलीत तो सोफा कुणासाठी? त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण अजून काढलेलं नसतं. विश्वस्त येतात तेव्हा तिथं चहा होतो. मूल्यांकन समिती यायच्या आठवड्यात कॉमन रूम उघडते, टेबल-खुर्च्या लागतात, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं येतात. समिती गेली की कुलूप. का? ‘मुली तिथं गप्पा मारत बसतात.’ घ्या! बसतात हाच गुन्हा.

आणि पैसे नाहीत म्हणणाऱ्यांना महाविद्यालयाच्या गच्चीवर घेऊन जा. जुनी बाकं, एक पाय मोडलेल्या खुर्च्या, पत्र्याची टेबलं पावसात गंजत पडलेली असतात. ती वापरता येत नाहीत कारण त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहे, आणि टाकता येत नाहीत कारण निर्लेखन झालेलं नाही. निर्लेखनाची बैठक कुणी बोलावत नाही, कारण त्यात कुणाचाच फायदा नाही. तर ती मुलींनी बोलवायला लावावी. दुरुस्त होण्यासारखं सामान वसतिगृहाकडे वर्ग करा, अशी मागणी करा. जवळच्या आय.टी.आय.मध्ये सुतारकाम आणि वेल्डिंगचे वर्ग असतात, त्यांना कामाचा सराव हवाच असतो. संस्था सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात डेडस्टॉक रजिस्टरची प्रत आणि वसतिगृहाच्या फर्निचरवर गेल्या तीन वर्षांत झालेला खर्च मागता येतो. दहा रुपयांचा अर्ज आहे. एवढ्या स्वस्तात दुसरं कुठलंच फर्निचर हलत नाही.

2024-25 या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं केलं. ऊस तोडणाऱ्या, द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या घरांतली मुलगी आता फार्मसीला, इंजिनिअरिंगला जाऊ म्हणते. पण फी माफ झालेली मुलगी राहणार कुठं आणि राहिली तर बसणार कुठं, याचा विचार त्या कागदात नाही. फीच्या पावतीवर अभ्यास होत नाही.

काही कार्यकर्त्या म्हणतील, आपण पूर्ण खोलीच मागू या, प्रत्येकीला स्वतंत्र. मागा, मीही सही करीन. तोवर ही मधली मागणी उचला: प्रवेश देताना प्रत्येक मुलीमागे एक कॉट, एक कपाट आणि तिच्या उंचीची एक बैठक, टेबलाच्या किंवा बैठ्या मेजाच्या हक्काच्या जागेसह. कॉमन रूम आणि वाचनाची खोली रात्रभर उघडी. ‘बाहेरचं फर्निचर आणू नये’ हा नियम रद्द, निदान संस्था देत नाही तोवर तरी. भिंतीला खिळे नकोत हे मान्य, मग बिजागरीची मिटती फळी संस्थेनंच नीट बसवून द्यावी. वसतिगृहाच्या समितीवर मुलींच्या दोन प्रतिनिधी, आणि त्या समितीच्या बैठकीत त्यांनाही खुर्च्या. हसू नका. एका बैठकीत पाच विश्वस्त बसलेले आणि दोन्ही मुली भिंतीशी उभ्या, असं मी पाहिलं आहे. विषय होता, मुलींच्या सोयी.

या तिमाहीत आपापल्या गावातल्या एका तरी वसतिगृहात जा. मोजपट्टी न्या. खोलीची लांबी-रुंदी, कॉट किती, मुली किती, खुर्च्या किती, त्यांतल्या मोडक्या किती, एवढं एका कागदावर मुलींसोबतच लिहा. त्यावर मुलींच्या सह्या लगेच मागू नका. सही केलेल्या मुलीला पुढच्या वर्षी प्रवेश नाकारला जातो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. अर्ज संघटनेच्या नावानं, आपल्या सहीनं द्या. एक प्रत प्राचार्यांना, एक संस्थेच्या सचिवांना, वसतिगृह सरकारी असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना किंवा आदिवासी विकासच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच देत नसतील तर तीच प्रत स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवून ठेवा.